हेमलकसा : निदानाची पन्नास वर्षे

लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे झाली. भामरागडपासून अवघ्या तीनेक किलोमीटरवरचे हे ठिकाण तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम आहे आणि नदीपलीकडे बस्तरचे रान सुरू होते. आलापल्ली हे बाजारपेठेचे शेवटचे गाव. तिथून पुढे साठ-पासष्ट किलोमीटर जंगलवाट, आणि पावसाळ्यात नाले भरले की तीही बंद. या मुलखात राहणाऱ्या माडिया गोंडांची नोंद केंद्र शासनाने पुढे विशेष दुर्बल आदिवासी गटांत केली. महाराष्ट्रात असे गट तीनच आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया. बाबा आमटे यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केल्यानंतर या भागाकडे लक्ष वळवले. नागपुरात शस्त्रक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेले त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे ते शिक्षण सोडून इथे आले. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे आल्या. त्या भूलतज्ज्ञ होत्या.

रोगाचे निदान तीन गोष्टींवर उभे असते. रुग्णाने सांगितलेले डॉक्टरला कळले पाहिजे, शरीरात काय चालले आहे ते तपासण्याचे साधन पाहिजे आणि वेळ हाताशी पाहिजे. हेमलकशाला यातले काहीच नव्हते. डॉक्टरांना माडिया भाषा येत नव्हती आणि रुग्णांना मराठी. वीज नव्हती, ती पुढची बरीच वर्षे आली नाही. रुग्ण पोहोचायचा तो खाटेवर, कावडीत किंवा नातेवाइकांच्या पाठीवर, दोन-दोन दिवस चालून आलेल्या माणसांसोबत. तोवर आजाराने आपला बराचसा मार्ग कापलेला असे.

दवाखाना येण्याआधी माडियांकडे निदानाची पद्धत नव्हती असे समजणे चूक ठरेल. गावात पुजारी होता. आजार कशाने आला, कोणता देव रुसला, कोणाची नजर लागली, कोणते बळी द्यायचे, हे तो शोधून काढी. रानातल्या मुळ्या-सालींचे औषधही त्याच्याकडे असे. शहरातला डॉक्टर ‘काय झाले आहे’ हे शोधतो, तर पुजारी ‘का झाले’ आणि ‘यालाच का झाले’ या प्रश्नांची उत्तरे देत होता. घरातले मूल तापाने फणफणत असताना आईबापांना दुसरा प्रश्नच अधिक जवळचा वाटतो. म्हणून नव्या दवाखान्याकडे सुरुवातीला लोक फिरकले नाहीत यात नवल नव्हते. डॉक्टरच गावोगाव हिंडले. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये फेफरे येऊन जाळात पडलेला आणि जखमा चिघळलेला एक तरुण होता. रोजच्या मलमपट्टीने तो बरा झाला. जखम सर्वांना दिसत होती आणि ती भरलेलीही दिसली. विश्वासाची सुरुवात अशा, डोळ्यांना दिसणाऱ्या आजारांपासून झाली.

त्यानंतर मलेरिया. गडचिरोलीच्या जंगलात हिवतापाचा फाल्सिपेरम हा जीवघेणा प्रकार मोठ्या प्रमाणावर होता, आजही राज्यात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक आहे. हा परजीवी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांत अडथळा करतो. माणूस बडबडू लागतो, झटके येतात, मग शुद्ध हरपते. घरच्यांच्या दृष्टीने हे बाहेरच्या बाधेचे सरळ लक्षण. पुजाऱ्याने सर्व उपाय करून हात टेकले की मग असा बेशुद्ध रुग्ण दवाखान्यात आणला जाई. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिला की परजीवी दिसतात. क्लोरोक्वीन, क्विनीन आणि सलाईन वेळेत मिळाले तर दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. ज्याला गावाने मेलेल्यांत धरले तो स्वतःच्या पायांनी परतला, ही बातमी कोणत्याही प्रचाराशिवाय रान ओलांडून बस्तरपर्यंत गेली. काहींच्या बाबतीत मात्र वेळ निघून गेलेली असे.

या पहिल्या काळातला सर्वांत अवघड निर्णय निदानाच्या पुढचा होता. रोग ओळखला, पण त्यावरचा उपचार इथे होत नाही. चंद्रपूरला किंवा नागपूरला न्यावे लागेल. हे सांगितल्यावर बहुतेक रुग्ण आणि नातेवाईक नकार देत. जे काय करायचे ते इथेच करा, नाही तर आम्ही घरी जातो. शहर त्यांच्यासाठी परका देश होता. भाषा कळत नाही, पैसे नाहीत, जेवण कोण देणार, आणि माणूस तिथे मेला तर त्याला गावी परत कसे आणायचे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा होता. नागपूर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर, आणि मृतदेह घेऊन तेवढे अंतर परतण्याचे साधन कोणाकडेही नव्हते. त्यामुळे ‘बाहेर न जाणे’ हा अडाणीपणा नव्हता. जगण्याची थोडी शक्यता आणि आपल्या माणसांत मरण्याची खात्री यांतून केलेली ती निवड होती. ती मोकळेपणाने केलेली होती असे मात्र म्हणता येत नाही, कारण रस्ता, पैसा आणि भाषा यांनी दुसरा पर्याय आधीच जवळजवळ पुसून टाकला होता.

या नकारामुळे डॉक्टरांपुढेही निवड आली. आपल्या शिक्षणात नसलेली शस्त्रक्रिया करायची की रुग्णाला तसेच जाऊ द्यायचे? हेमलकशात दुसरा मार्ग क्वचितच निवडला गेला. अस्वलाने चेहरा फाडलेल्यांना कंदिलाच्या उजेडात टाके घातले गेले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया शिकून घेऊन केल्या गेल्या. एक प्रसंग डॉ. प्रकाश आमटे यांनी ‘प्रकाशवाटा’ या आत्मकथनात नोंदवला आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या पोटात मूल दगावले होते आणि आईचाही जीव जाण्याच्या बेतात होता. मृत गर्भाचे तुकडे करून तो बाहेर काढण्याची, पूर्वी कधी न केलेली शस्त्रक्रिया त्यांनी केली आणि बाई वाचली. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकात अशा निर्णयाआधी तज्ज्ञांचा सल्ला, लेखी संमती आणि पर्यायांची चर्चा या पायऱ्या दिलेल्या असतात. इथे पर्याय म्हणजे दोन मृत्यू.

दवाखान्याची रचनाही हळूहळू लोकांच्या वागण्यातून घडत गेली. नातेवाईक रुग्णासोबत मुक्काम करत, चूल मांडून स्वतः रांधत, रुग्ण खाटेपेक्षा झाडाखाली जमिनीवर झोपणे पसंत करीत. हे नियमबाह्य म्हणून थांबवले गेले नाही. याच जिल्ह्यात उत्तरेला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला हीच गोष्ट लोकांना विचारून कळली. दवाखान्यात का येत नाही, असे विचारल्यावर आदिवासींनी सांगितले की तिथली माणसे पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्याला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. मग असे कपडे घातलेली माणसे जीव कसा वाचवणार? मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, सोबतच्यांना राहू देत नाहीत, हीही तक्रार होती. संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना मग गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक घराच्या, धर्तीवर झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला लोकांच्या इच्छेने माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. रुग्णालयाचे पांढरेपण म्हणजे स्वच्छता, हे शहरात इतके गृहीत धरलेले असते की ते कोणाला मरणाचा रंग वाटू शकते हे विचारल्याशिवाय कळलेच नसते.

जखम, बाळंतपण, मलेरिया, क्षय, खरूज, कुपोषण. या सगळ्यांच्या गर्दीत एक आजार दिसत असूनही ओळखला जात नव्हता. मूल जन्मते तेव्हा ठीक असते. काही महिन्यांनी हातापायांचे पंजे सुजतात, मूल रडत राहते. पुढे वारंवार ताप, फिकेपणा, डोळ्यांत पिवळेपणा, आणि हाडांत, पाठीत, पोटात असह्य कळा. काही दिवसांनी कळा थांबतात, पुन्हा येतात. काही मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावतात. घरात एक मूल असे गेले, मग दुसरेही गेले, तर त्या घरावर कोणाची तरी नजर आहे असे गाव ठरवते. हा सिकलसेल होता.

या आजाराचा लिखित इतिहास हेमलकशापासून फार दूर सुरू होतो. शिकागोत दंतवैद्यक शिकायला आलेल्या, कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावरच्या वॉल्टर नोएल या तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, फरक एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ धागे बनवते, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि तिच्या पुढच्या भागाचे रक्त तोडते. कळ येते ती यामुळे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी.

हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार, अशी समजूत बराच काळ होती. १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये तो दाखवला तेव्हा भारताकडे लक्ष गेले. विदर्भासाठी महत्त्वाचे वर्ष १९५८. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे लोकबिरादरी प्रकल्प सुरू होण्याच्या पंधरा वर्षे आधी हा रोग विदर्भात आहे हे छापून आले होते. नागपूरच्या प्रयोगशाळेतले हे ज्ञान भामरागडच्या झोपडीपर्यंत पोहोचायला आणखी तीन-चार दशके गेली. दोष कोणा एका माणसाचा नाही, पण एवढ्या विलंबाची नोंद व्हायला हवी.

विलंबाचे एक कारण जीवशास्त्रातच आहे. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की ज्यांना सिकलसेलचा जनुक एकाच पालकाकडून मिळतो, त्या वाहकांना फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हा जनुक टिकून राहिला. दोन्ही पालकांकडून जनुक मिळालेल्या मुलाला मात्र असे संरक्षण नाही. उलट मलेरिया त्याला अधिक लवकर मारतो. एकाच रोगाने या जंगलात हा जनुक राखला आणि त्याच रोगाने त्याच्या रुग्णांना नेले. निदानाची गफलत इथेच होते. ताप, रक्ताची कमतरता, कावीळ, वाढलेली पाणथरी हे चित्र मलेरियाचे आणि सिकलसेलचेही. आफ्रिकी रुग्णांमध्ये पाणथरी लहानपणीच आकसते, भारतीय रुग्णांमध्ये ती बऱ्याचदा मोठीच राहते, त्यामुळे तोही फरक उपयोगी पडत नाही. काचपट्टीवर मलेरियाचा परजीवी सापडला की डॉक्टरचे समाधान होते. शोध तिथेच थांबतो. त्या मुलाला मलेरिया असतोच, पण त्याखाली दुसरा रोग असतो आणि तो पुढच्या वेळेपर्यंत नावाशिवाय राहतो.

पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासींमध्ये वर्षानुवर्षे फिरून रक्तनमुने तपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार राज्यातील आदिवासींत सरासरी दहा टक्के लोक वाहक होते. पण भिल्ल, पावरा, परधान, ओतकर आणि माडिया यांच्यात हे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या प्रत्येक जिल्ह्यात पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा त्यांचा अंदाज होता. अमेरिकेच्या १९८३ च्या कायद्यानुसार दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार दुर्मीळ ठरतो आणि सुमारे एक लाख रुग्ण असलेला सिकलसेल तिथे त्या यादीत बसतो. भामरागडच्या एखाद्या गावात दर चार-पाच माणसांमागे एक वाहक असताना इथेही तो दुर्मीळच समजला गेला, कारण तपासणीच दुर्मीळ होती.

गडचिरोलीत या रोगाचा शोध घेणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक ‘सर्च’चा होता. १९८६ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बंग दांपत्याने जिल्ह्यातील सिकलसेलचे प्रमाण मोजले. निष्कर्ष महत्त्वाचा होता, शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली, आणि लोकांनी मात्र घेतली नाही. डॉ. अभय बंग यांनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे की हा संशोधकांचा प्रश्न होता, लोकांचा नव्हता. लोकांनी सांगितलेल्या प्रश्नांत हा आजार नव्हता आणि त्यावर तेव्हा त्यांना देण्याजोगे औषधही नव्हते. त्या काळात उपचार म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, वेदनाशामक, भरपूर पाणी, आणि गरज पडली तर रक्त. रक्तपेढी कुठे? जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याही पलीकडे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कळांचे झटके कमी करते, हे अमेरिकेतील चाचणीतून १९९५ मध्ये सिद्ध झाले. तोवर निदान म्हणजे आईबापांच्या हाती दिलेले एक नाव होते, ज्याच्यासोबत दुसरे काही देता येत नव्हते. असे नाव द्यावे की नाही? द्यावे, असेच म्हणावे लागते, कारण त्या नावामुळे किमान घराचा शाप किंवा सुनेचा दोष हे आरोप थांबण्याची शक्यता निर्माण होते. पण हे उत्तर शहरातून जितके सोपे दिसते तितके नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात महाराष्ट्र शासनाने सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आधी सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. पहिली चाचणी फक्त दोष आहे एवढे सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे दुसरीच सांगते. विदर्भात ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) ही अक्षरे यातून घरोघरी गेली, वाहकाला पिवळे कार्ड आणि रुग्णाला लाल कार्ड मिळू लागले. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणून कार्ड जुळवून लग्न करा, असा सल्ला दिला जातो.

हा सल्ला गोंड समाजाच्या लग्नाच्या नियमांना येऊन भिडतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या गटांनुसार सोयरीक कोणाशी चालते आणि कोणाशी नाही हे ठरलेले असते. त्यातच मामे-आते भावंडांचे लग्न पसंत केले जाते. आधीच मोजक्या घरांत फिरणाऱ्या या नात्यांत आणखी एक अट घालायची, तीही अशा गावांत जिथे वाहकच बरेच आहेत, म्हणजे काही तरुणांना लग्नाला कोणीच उरत नाही. वाहक स्वतः निरोगी असतो, त्याला कोणताही उपचार लागत नाही, तरी कार्डाचा पिवळा रंग त्याला आजारी ठरवू शकतो. गरोदरपणात गर्भाची तपासणी आणि कायद्याने परवानगी असलेला गर्भपात हा दुसरा मार्ग. पण ही तपासणी मोठ्या शहरातच होते आणि ठरावीक आठवड्यांच्या आत व्हावी लागते. भामरागडहून तिथवर पोहोचेपर्यंत तो अवधी संपण्याचीच भीती.

निदानासोबतच मरणाच्या जवळच्या निर्णयांचा इतिहासही याच दवाखान्यांत घडत होता, पण तो न्यायालयांच्या निकालपत्रांत सापडत नाही. देशाच्या पातळीवर या विषयाची चर्चा महाराष्ट्रातल्याच एका घटनेतून सुरू झाली. हेमलकशाचे काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांचा आहार थांबवावा अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. ती ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, पण काही अटींवर उपचार थांबवण्यास मात्र तत्त्वतः मान्यता दिली. अरुणा शानबाग यांना मरू द्यावे असे केईएमच्या परिचारिकांना वाटत नव्हते. चार दशके या परिचारिकांनीच त्यांची शुश्रूषा केली होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानबाग यांचा मृत्यू झाला. पुढे ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला आणि उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छापत्र करण्यास मान्यता दिली. त्यावेळी घातलेली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या साक्षांकनाची अट २४ जानेवारी २०२३ रोजी सैल करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असे ठरले. डॉक्टरांची दोन मंडळे मात्र राहिली आणि प्रत्येकात तीन डॉक्टर.

भामरागडच्या संदर्भात हे निकाल वाचले की लक्षात येते की ते यंत्रे असलेल्या रुग्णालयासाठी लिहिले आहेत. कृत्रिम श्वासाचे यंत्र कधी काढावे, हा प्रश्न यंत्र आहे तिथेच उद्भवतो. सहा अनुभवी डॉक्टर जमवणे तालुक्याच्या ठिकाणी अवघड. इथल्या कुटुंबाने घेतलेला निर्णय कागदावर येत नाही: रुग्णाला उचलून घरी न्यायचे. ‘डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेले’ एवढीच नोंद रजिस्टरात उरते. त्या एका ओळीत कितीतरी वेगळी कारणे एकत्र झालेली असतात. कोणाला पुजाऱ्याकडे पुन्हा जायचे असते, कोणाला पेरणी असते, कोणाला पैसे संपल्याचे सांगवत नाही. आणि कोणाला स्पष्ट दिसत असते की आता हा माणूस राहत नाही. त्याला गावात, आपल्या देवांजवळ नेले पाहिजे. माडियांमध्ये मृताच्या आठवणीसाठी उभे दगड रोवण्याची प्रथा आहे. ज्याचे अखेरचे विधी गावात झाले, तो गावाचा राहतो. परक्या शहरातल्या शवागारात गेलेल्या माणसासाठी हे सगळे तुटते. हा विचार इच्छामरणाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही, तरी तो मरणाविषयीचा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे आणि त्याला तसाच मान मिळायला हवा.

घरी नेलेल्या माणसाला वेदनांतून सुटका मिळावी ही गोष्ट मात्र केवळ मान देऊन साधत नाही. भारत वैद्यकीय उपयोगाची अफू पिकवणारा देश आहे, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांतून मॉर्फिन जवळपास नाहीसे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले. वेदनाशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. या सोयी केरळात जितक्या खेड्यांत गेल्या तितक्या विदर्भाच्या जंगलात आलेल्या नाहीत. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्ण असो की सिकलसेलच्या कळांनी तळमळणारा मुलगा, त्याची वेदना अनेकदा साध्या गोळीवरच काढावी लागते.

आमटे कुटुंबालाही या प्रश्नांनी गाठले. बाबा आमटे मणक्याच्या आजाराने अनेक वर्षे बसू शकत नव्हते. १९९० मध्ये ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले होते. प्रकृती ढासळल्यावर आनंदवनात परतले. रक्ताच्या कर्करोगाने ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चौदा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, पुण्यात असताना डॉ. प्रकाश आमटे न्यूमोनियाने आजारी पडले. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातील तपासणीत त्यांना हेअरी सेल ल्युकेमिया असल्याचे निष्पन्न झाले. हा खऱ्या अर्थाने दुर्मीळ आजार. ल्युकेमियाच्या सर्व रुग्णांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. त्यात पांढऱ्या पेशींना केसांसारखे बारीक तंतू दिसतात, प्रतिकारशक्ती खालावते आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. क्लॅड्रिबिनसारख्या औषधाने बहुतेक रुग्णांत तो दीर्घकाळ आटोक्यात राहतो, म्हणजे वेळेत ओळखला तर. उपचारांनंतर डॉ. आमटे हेमलकशाला परतले. हाच आजार भामरागडच्या एखाद्या माडिया शेतकऱ्याला झाला असता तर न्यूमोनियापर्यंतच निदान थांबले असते, हे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. अशा आजारासाठी लागणारी फ्लो सायटोमेट्रीसारखी तपासणी आणि ती वाचणारा तज्ज्ञ महानगरातच असतो.

दरम्यान हेमलकशाचा दवाखाना वाढला. वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण तिथे येऊ लागले. पुढची पिढी, डॉ. दिगंत आमटे आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अनघा आमटे, कामात आली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आश्रमशाळेतून शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही डॉक्टर झाले. निदानाच्या दृष्टीने ही घटना यंत्रांइतकीच मोलाची, कारण रुग्णाने आपल्या भाषेत सांगितलेली कळ मधल्या दुभाष्याशिवाय ऐकणारा डॉक्टर पहिल्यांदाच मिळाला. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे नागपूरपर्यंतची एक लांब मजल कमी झाली.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान जाहीर झाले. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकसंपादनावर आधारलेल्या कॅसगेव्ही या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर आहे. गडचिरोलीतील मुलासाठी आज उपयोगाचे आहे ते हायड्रॉक्सियुरिया, आणि ते स्वस्त आहे. ते रोज, वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते, म्हणून ते औषध आणि ती मोजणी दोन्ही उपकेंद्राच्या टप्प्यात असणे गरजेचे आहे. पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस लहान मुलांना संसर्गापासून वाचवतात, पण त्यासाठी निदान जन्मानंतर काही आठवड्यांतच व्हावे लागते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. सवलतींसाठी मात्र ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठीचा जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास भामरागडहून दीडशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तो रस्ता अजूनही बंद होतो.